दिवाळीची भेट आणि गावातला रुपया

गेल्या दिवाळीत आमच्या घरी सुक्या मेव्याचा एक खोका आला. लाल चकचकीत कागद, वर सोनेरी लक्ष्मी, आत चार कप्पे. आम्ही तो उघडला नाही. तसाच एका स्नेह्यांकडे पाठवला. देवदिवाळीच्या सुमारास तोच खोका तिसऱ्याच घरून आमच्याकडे परत आला. तोच कशावरून? आला त्या दिवशी धाकट्या भाचीने त्याच्या तळाला पेनाने एक फूल काढून ठेवले होते. घरात सगळे खूप हसले. मीही हसलो, पण मनातला हिशेबनीस जागा झाला. तीन घरांनी एकमेकांना भेट दिली, एका घराने पैसे मोजले, आणि बदाम कोणीच खाल्ले नाहीत. मग ते पैसे गेले कुठे?

मी अर्थशास्त्राचा पदवीधर नाही. पंचवीसेक वर्षे नांदुऱ्यातल्या लहान दुकानांच्या कीर्द-खतावण्या लिहिल्या आणि उरलेल्या वेळात हाती लागेल ते वाचले. त्यामुळे हा लेख म्हणजे एका मुनिमाने केलेली चौकशी आहे. प्रश्न साधा आहे: दिवाळीच्या भेटीवर खर्च होणारा रुपया आपल्या गावात किती काळ राहतो, आणि तो अधिक काळ राहावा असे वाटत असेल तर नेमके काय करावे लागते?

महामार्गावरून जाणाऱ्यांना नांदुरा आठवते ते १०५ फुटी हनुमंतामुळे. मुंबई-नागपूर लोहमार्गावरचे हे तालुक्याचे गाव. उत्तरेला पूर्णा, तिच्या पलीकडे सातपुडा, आणि भोवती कापूस, सोयाबीन, तूर. मोठा कारखाना मिळवून देईल तो पैसा इथे नाही. इथला पैसा शेतातून येतो, पगारातून येतो आणि बाजारातून फिरतो. दिवाळीच्या आधी तो सर्वांत वेगाने फिरतो, म्हणून चौकशीला दिवाळीच बरी.

देवाणघेवाणीची तारीख

दिवाळी आणि देणे यांचे नाते आपल्या शब्दांतच दिसते. भाऊबीजेची ओवाळणी, पाडव्याची ओवाळणी, जावयाचा दिवाळसण, टपालवाल्याची आणि कामवाल्या बाईंची पोस्त. यातला ‘पोस्त’ हा शब्द मला फार बोलका वाटतो. ती धड भेटही नाही आणि धड मजुरीही नाही. वर्षभराच्या कामाची ती सणाच्या दिवशी दिलेली दाद असते. व्यापाऱ्यांच्या घरी लक्ष्मीपूजनाला वह्या पुजल्या जातात, जुने येणे-देणे पाहिले जाते आणि नवी खाती उघडली जातात. म्हणजे दिवाळी हा सण आहे तसाच तो हिशेबाचा मुक्कामही आहे.

त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली ‘गावगाडा’ लिहून बलुतेदारीचे बारकावे नोंदवले. त्या व्यवस्थेत कुंभाराने पणत्या-बोळकी पुरवायची, कोणी केरसुण्या-दोर करायचे, सुताराने औत नीट ठेवायचे, आणि कुणब्याने खळ्यावर धान्य द्यायचे. सणाला वर काही द्यायचे ते वेगळे. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ मार्सेल मॉस यांनी १९२५ साली भेटीवर जो निबंध लिहिला, त्यात भेटीची तीन बंधने सांगितली आहेत: द्यावेच लागते, घ्यावेच लागते आणि परत करावेच लागते. आपल्या गावगाड्यात ही तिन्ही बंधने होती, आणि भेटीतल्या वस्तूचा कर्ता हाकेच्या अंतरावर राहत होता.

पण त्या काळाचे गोडवे गाणे मला जमत नाही. कारागिराला किती द्यायचे हे देणाऱ्याच्या मर्जीवर असे, आणि जातीमुळे त्याला दुसरीकडे जाण्याची वाट नसे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्ती सुचवणारे विधेयक मांडले, त्यामागे हीच वेदना होती: काम ठरलेले, मोबदला मात्र अनिश्चित. म्हणून स्थानिक कारागिराला ‘मदत’ करण्याची भाषा मला खटकते. त्याला ठरलेला भाव ठरल्या दिवशी मिळणे, इतकेच खरे तर हवे आहे. पुढे जे लिहिले आहे ते या एका वाक्याचे स्पष्टीकरण आहे.

रुळांवरून आलेला माल

वऱ्हाड १८५३ साली निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात गेले. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले आणि लँकेशायरच्या गिरण्यांना आपल्या कापसाची निकड भासली. १८६७ साली लोहमार्ग नागपुरास पोचला. याच रुळांवरून वऱ्हाडचा कापूस गाठी बांधून बाहेर गेला आणि गिरणीचे कापड आत आले. गावातल्या विणकराचे गिऱ्हाईक तुटण्याची ही सुरुवात.

याला उत्तर म्हणून महाराष्ट्रात जो विचार झाला तो आजही वाचण्यासारखा आहे. लोकहितवादींनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावरच देशी माल वापरण्याचा आग्रह धरला. सार्वजनिक काका म्हणजे गणेश वासुदेव जोशी यांनी हाताने कातलेल्या सुताचे कपडे वापरण्याचे व्रत घेतले आणि १८७७ च्या दिल्ली दरबारात ते त्याच वेषात गेले. १९०५ च्या दसऱ्याच्या सुमारास पुण्यात विदेशी कपड्यांची होळी झाली. अंताजी दामोदर काळे यांच्या पैसा फंडातून तळेगाव दाभाडे येथे काचेचा कारखाना उभा राहिला. माणशी एक पैसा, ही त्यामागची कल्पना. पुढे १९३४ साली वर्ध्यात अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि जे. सी. कुमारप्पांनी तेथे गावाच्या अर्थकारणाची मांडणी केली.

या सगळ्यात दोन वेगळे विचार आहेत. होळी सांगते, काय घेऊ नका. पैसा फंड सांगतो, बनवणाऱ्याच्या हाती आधी भांडवल द्या. आपल्या स्मरणात होळी अधिक राहिली. माझ्या मते नांदुऱ्यासारख्या गावाला आज दुसरा विचार अधिक उपयोगी आहे.

शंभर रुपयांचा प्रवास

आता मुनिमाचे काम करू. एका घराने भेटीवर शंभर रुपये खर्च केले असे धरू आणि तीन वेगवेगळ्या भेटी पाहू.

पहिली भेट सुक्या मेव्याचा खोका. जगातल्या बदामांपैकी सुमारे ऐंशी टक्के एकट्या कॅलिफोर्नियात पिकतात. खोका छापला शहरात, भरला शहरात. नांदुऱ्याच्या वाट्याला येतो तो दुकानदाराचा नफा आणि त्याच्या नोकराचा पगार. खोका घरबसल्या मोबाइलवरून मागवला असेल तर फक्त पोचवणाऱ्या पोराची मजुरी.

दुसरी भेट चांदीचे नाणे किंवा निरांजन. शेजारचे खामगाव चांदीच्या व्यवसायासाठी प्रसिद्धच आहे. पण या वस्तूच्या किमतीत धातूचा वाटा फार मोठा असतो आणि धातूचा भाव जगाच्या बाजारात ठरतो. आपल्या परिसरात राहते ती घडणावळ आणि सराफाचा नफा. म्हणजे ‘खामगावची चांदी’ म्हणून समाधान मानावे ते घडणावळीपुरते. साध्या नाण्याऐवजी कारागिरी अधिक असलेली वस्तू घेतली, तर स्थानिक वाटा वाढतो.

तिसरी भेट बचत गटाने केलेला फराळ. यात मजुरी गावातली, डाळ बहुधा जिल्ह्यातली, पोहे-साखर बाहेरची. तेलाचे मात्र लक्षात ठेवावे: देशाला लागणाऱ्या खाद्यतेलापैकी निम्म्याहून अधिक आपण आयात करतो. चिवड्यातूनही रुपया परदेशी जातोच. शंभर टक्के स्थानिक अशी भेट जवळजवळ नसते; फरक असतो तो प्रमाणाचा.

हे प्रमाण एवढे महत्त्वाचे का? कारण गावात राहिलेला रुपया पुन्हा खर्च होतो. फराळ करणारी बाई त्या पैशातून गावातल्या शिंप्याकडे पोराचा गणवेश शिवते, शिंपी सायकलवाल्याकडे पंक्चर काढतो. रिचर्ड कान यांनी १९३१ साली आणि केन्स यांनी १९३६ साली मांडलेली गुणकाची कल्पना ती हीच. लंडनच्या न्यू इकॉनॉमिक्स फाउंडेशन या संस्थेने ती गावपातळीवर आणली आणि पैशाच्या फक्त पहिल्या तीन फेऱ्या मोजण्याची सोपी रीत तयार केली.

ती रीत आपल्याला वहीच्या मागच्या पानावर करता येते. समजा, प्रत्येक फेरीत शंभरातले साठ रुपये गावात राहतात. तर तीन फेऱ्यांत उलाढाल १०० + ६० + ३६, म्हणजे १९६ रुपये. समजा, वीसच राहतात. तर १०० + २० + ४, म्हणजे १२४ रुपये. साठ आणि वीस हे आकडे केवळ उदाहरणादाखल घेतले आहेत. आपापल्या गावचे प्रमाण ज्याने त्याने शोधावे. पण दिशा स्पष्ट आहे. खर्च तेवढाच, गावाच्या वाट्याला मात्र ७२ रुपयांची जास्त उलाढाल.

दुकान आणि कारागीर यांतला फरकही येथेच कळतो. गावातल्या दुकानातून घेतले म्हणजे स्थानिक झाले, असे आपण समजतो. ते अर्धे खरे आहे. दुकानदार गावात भाडे देतो, नोकर ठेवतो, गणपतीला वर्गणी देतो, अडीअडचणीला उधार देतो. तेव्हा मोबाइलवरून मागवण्यापेक्षा त्याच्याकडून घेणे केव्हाही चांगले. पण ती वस्तूही जवळपास बनलेली असेल तर रुपया दोनदा थांबतो. म्हणून ‘कुठून घेतले?’ या प्रश्नाला ‘कोणी केले?’ हा दुसरा प्रश्न जोडावा.

न उघडलेला खोका

अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ जोएल वाल्डफोगेल यांनी १९९३ साली नाताळच्या भेटींवर एक निबंध लिहिला. भेट घेणाऱ्यांना त्यांनी विचारले, ही वस्तू तुम्ही स्वतः किती रुपयांना घेतली असती? त्यांच्या अंदाजाने भेटीच्या किमतीतला दहावा हिस्सा ते तिसरा हिस्सा यात वाया जात होता. आमच्या घरी परतलेल्या खोक्यात तर सगळाच गेला.

यावर त्याच देशातून आलेला एक उपाय म्हणजे सणाच्या खरेदीतला एक दिवस लहान दुकानांसाठी राखणे. २०१० साली अमेरिकन एक्स्प्रेस या कंपनीने तो सुरू केला. कल्पना वाईट नाही, पण तो दिवस खरेदीचा आहे. लहान उत्पादकाची अडचण त्याच्या कितीतरी आधी सुरू होते. हे मी पुस्तकातून शिकलो नाही. स्वतः चूक करून शिकलो.

माझी चूक

सात-आठ वर्षांपूर्वी मी गावातल्या एका संस्थेचे हिशेब पाहत होतो. सभासदांना दरवर्षी शहरातून मागवलेले खोके दिले जात. मी आग्रह धरला, यंदा जवळच्या खेड्यातल्या बचत गटाकडून फराळाची पाकिटे घेऊ. ठराव झाला. २१० पाकिटांची मागणी आम्ही कळवली ती कोजागरीला, म्हणजे दिवाळीला पंधरा दिवस असताना. बायकांनी रात्री जागून पाकिटे वेळेवर दिली. सगळ्यांना फराळ आवडला. माझे कौतुकही झाले.

पैशाचे मात्र राहून गेले. बिल कार्यकारिणीपुढे ठेवायचे होते, दिवाळीनंतर बैठक झाली नाही, मग अध्यक्ष गावाला गेले. चेकवर सही व्हायला संक्रांत उजाडली. पुढच्या वर्षी मी पुन्हा त्या गटाच्या ताईंकडे गेलो. त्यांनी पाणी दिले, चहा दिला आणि शांतपणे म्हणाल्या, “भाऊ, तुमची भेट झाली, पण आमची दिवायी उधारीत गेली.”

तेल, डाळ, साखर त्यांनी किराणा दुकानातून उधार आणली होती. उधारीचा भाव रोखीपेक्षा चढा. पंधरा दिवसांत सगळे उभे करायचे म्हणून घाऊक बाजार गाठता आला नाही. तीन महिने दुकानदाराला तोंड चुकवावे लागले. पाकिटामागे जो थोडा नफा होता तो यात संपला. मी त्यांना गिऱ्हाईक मिळवून दिले असे समजत होतो. प्रत्यक्षात आम्ही त्यांच्याकडून तीन महिने बिनव्याजी कर्ज घेतले होते.

मग मी कुंभारवाड्यात जाऊन बसलो. तिथली गोष्ट वेगळी, पण गाठ तीच. पणती वाळायला ऊन लागते. दिवाळी ऑक्टोबर-नोव्हेंबरात येते, आणि परतीचा पाऊस ऑक्टोबरपर्यंत रेंगाळतो. म्हणून बराच माल उन्हाळ्यातच करून, भाजून ठेवणे सोयीचे. म्हणजे मातीचा, सरपणाचा आणि हाताचा पैसा एप्रिल-मेमध्ये गुंतवायचा आणि तो सुटणार दिवाळीत. एक म्हातारे कारागीर म्हणाले, “दिवायीच्या चार दिवस पयले येता अन् हजार पणत्या मांगता. थ्या काय झाडाले लागते?” ऐनवेळी मागणी आली की ते बाहेरगावच्या साच्यातल्या पणत्या आणून विकतात. मग आपण कुंभाराकडून घेतो, पण कुंभाराने केलेले घेत नाही.

तारीख ठाऊक असलेली खरेदी

या दोन भेटींतून जे कळले ते मला या लेखाचे सार वाटते. लहान उत्पादकाकडे कौशल्य असते, गिऱ्हाईकही असते. त्याच्याकडे नसतो तो वेळ आणि रोकड. आणि दिवाळीची भेट ही आपल्या वर्षभराच्या खर्चातली अशी खरेदी आहे, की तिची तारीख पंचांगात आधीच छापलेली असते. दवाखाना सांगून येत नाही, पण भाऊबीज सांगून येते. जे आपण शेवटच्या आठवड्यात देतो तेच श्रावणात ठरवून त्यातले निम्मे तेव्हाच दिले, तर आपला खर्च एका रुपयानेही वाढत नाही, आणि समोरच्याचे भांडवल उभे राहते. पैसा फंडाचेच हे घरगुती रूप.

संस्थांनी दोन कायदे ध्यानात ठेवावेत. सूक्ष्म, लघू व मध्यम उद्योगांसंबंधीच्या २००६ च्या कायद्याने नोंदणीकृत सूक्ष्म व लघू पुरवठादाराचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत द्यावे लागतात. त्याला आता प्राप्तिकराच्या नियमांचीही जोड मिळाली आहे: १ एप्रिल २०२४ पासून, मुदतीत न दिलेली अशी रक्कम प्रत्यक्ष देईपर्यंत खर्च म्हणून वजा करता येत नाही.

दुसरा मुद्दा बिलाचा. “बचत गट जीएसटीचे बिल देत नाही, म्हणून बाहेरून मागवतो,” हे कारण मी अनेकदा ऐकले आहे. वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या आत असलेल्या माल विक्रेत्याला महाराष्ट्रात सर्वसाधारणपणे जीएसटी नोंदणीची सक्ती नाही. त्याची साधी पावती चालते. शिवाय भेट म्हणून वाटलेल्या मालावर भरलेल्या कराची वजावट कायद्याने मिळतच नाही. म्हणजे ज्या बिलासाठी आपण शहरात जातो, त्या बिलाचा या बाबतीत तसा उपयोग नसतो.

दर्जाचा आक्षेप मात्र खरा आहे. आपल्या गावचे म्हणून खवट तेलातला चिवडा का घ्यावा? घेऊच नये. खाद्यपदार्थ विकणाऱ्या लहान गटालाही अन्न सुरक्षा कायद्याखाली नोंदणी लागते, ती विचारावी. आधी नमुना मागवावा, दोष असेल तो तोंडावर सांगावा. वेळ हाताशी असला की दोष सुधारताही येतो. शेवटच्या आठवड्यात तो फक्त झाकता येतो. भाव थोडा जास्त पडला तर भेटी थोड्या कमी द्याव्यात, पण घासाघीस करून कारागिराच्या मजुरीतून आपली उदारता साधू नये.

आणि सगळेच गावातून घ्यावे असा हट्टही नको. धाकट्यांना पुस्तक द्यायचे तर ते पुण्या-मुंबईचेच असणार. पण ते गावातल्या विक्रेत्यामार्फत मागवता येते. का. र. मित्रांच्या ‘मनोरंजन’ने १९०९ साली पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून अंक ही देखील दिवाळीची एक भेट झाली. तो पेपरवाल्याकडे आधी सांगून घेतला तर त्यालाही किती प्रती मागवाव्यात हे कळते. अंकाच्या शेवटच्या पानांवर शुभेच्छांच्या लहान जाहिराती असतात. त्या सराफांच्या, कापड दुकानदारांच्या, पतसंस्थांच्या असतात. आपण वाचतो त्या कथा-कवितांच्या छपाईतही गावोगावच्या लहान व्यापाराचा वाटा आहे.

त्या ताईंकडे जायला मला पुढची काही वर्षे संकोच वाटत राहिला. यंदा राखीपौर्णिमेच्या आदल्या दिवशी गेलो. आमच्या घरची आणि पाच नातेवाइकांची मिळून चाळीस पाकिटे सांगितली, निम्मे पैसे पुढ्यात ठेवले. ताईंनी ते मोजले, वही काढली, तारीख घातली आणि बाकीचे पैसे कोणत्या दिवशी देणार ते विचारले. मी म्हटले, पाकिटे घ्यायला येईन तेव्हाच. “मंग लिवा इथं अन् सही करा,” त्या म्हणाल्या. इतकी वर्षे मी दुसऱ्यांच्या वह्या लिहिल्या. त्या दिवशी त्यांच्या वहीत सही केली आणि पावती खिशात घालून घरी आलो.